उपदेशक कोणीही असो, शास्त्र उघडून बघा

‘मला देवाने शिक्षक नेमले आहे’ असे स्वतःच जाहीर करणारा माणूस ख्रिस्ती जगाला नवा नाही. त्याला कोणत्याही मंडळीने (चर्चने) पाठवलेले नसते. वडीलजनांनी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी, सेवेसाठी नेमताना ठेवतात तसे त्याच्यावर हात ठेवलेले नसतात. तो कोणाला जबाबदार आहे असे विचारले, तर ‘फक्त प्रभूला’ असे उत्तर येते. वाणी मात्र रसाळ असते आणि वचने तोंडपाठ असतात. लोक जमतात, रडतात, साक्षी देतात. मग हळूहळू त्याच्या शिकवणीत असे काही येऊ लागते, जे ऐकणाऱ्यांनी बायबलमध्ये कधी वाचलेले नसते. कोणी दबक्या आवाजात शंका काढलीच, तर ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडून नेमलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन त्याच्या तोंडावर फेकले जाते आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. शिक्षक म्हणवणाऱ्या माणसाची शिकवण शास्त्राशी ताडून पाहणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते त्याने पाळकावर, पंडितावर किंवा काळावर ढकलायचे नसते. बायबलला प्रमाण मानतो असे म्हणायचे आणि बायबलवर बोलणाऱ्याला मात्र तपासायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावातल्या यहुदी लोकांची हकिकत आहे. थेस्सलनीकात दंगल झाल्यावर बंधुजनांनी पौल हा प्रेषित आणि त्याचा सोबती सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिले. तिथल्या लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि तो सांगतो ते तसेच आहे की नाही, हे ते दररोज शास्त्रात शोधत राहिले. हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे लोक म्हणतो. उत्सुकता आणि तपासणी या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वाक्यात ठेवल्या आहेत. ज्यांना तपासणी म्हणजे अविश्वास वाटतो, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आणि तपासणी कोणाची चालली होती? ज्याची पत्रे पुढे नव्या करारात आली, त्या पौलाची. त्याला राग आल्याचे लूक लिहीत नाही. पौल स्वतः थेस्सलनीकाकरांना लिहितो की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा. गलतीकरांना तर तो याहून पुढचे सांगतो: आम्ही किंवा स्वर्गातला देवदूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला, तरी तो शापित असो. त्याने ‘आम्ही’ म्हटले आहे, म्हणजे स्वतःलाही त्यातून वगळलेले नाही.

आता त्या अभिषिक्ताच्या वचनाकडे वळू, कारण सगळी भीती त्याच्यावर उभी केली जाते. ते वचन स्तोत्र १०५ मधले पंधरावे. त्याच्या आधीच्या तीन ओळी वाचल्या तर चित्र स्पष्ट होते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब मूठभर होते, परके होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते. त्यांच्यावर जुलूम करू नका, असे देवाने राजांना बजावले. म्हणजे वचनात संरक्षण आहे ते दुबळ्यांना आणि दटावणी आहे ती बलवानांना. हजारोंच्या गर्दीसमोर उभा असलेला वक्ता जेव्हा हेच वचन एका साध्या विधवेच्या प्रश्नावर वापरतो, तेव्हा तो त्याचा अर्थ उलटा करतो.

दावीद आणि त्याचा पाठलाग करणारा शौल राजा यांचे उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असूनही दावीदाने त्याला मारले नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त होता. हे खरे आहे. पण १ शमुवेल २४ पुढे वाचा. शौल गुहेबाहेर पडताच दावीद त्याच्या मागे बाहेर आला, त्याने मोठ्याने हाक मारली, कापून घेतलेला वस्त्राचा काठ हातात धरून दाखवला आणि शौलाच्या माणसांच्या देखत त्याला सांगितले की तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, आपल्या दोघांचा न्याय परमेश्वर करो. त्याने तलवार चालवली नाही, पण गप्पही बसला नाही. पुढे तोच दावीद राजा झाला आणि चुकला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटले. नाथानाने अभिषिक्ताला हात लावला, असे कोणी म्हणेल का? अंत्युखियात पौलाने येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला सर्वांसमोर सुनावले, कारण पेत्राचे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नव्हते. पेत्रापेक्षा मोठा अभिषेक ज्याला आहे, त्याने खुशाल प्रश्नांपासून सूट मागावी.

सूट मागण्याचा दुसरा मार्ग चमत्कारांचा. ‘इतके रोगी बरे झाले, ते खोटे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘अनुवाद’ या मोशेच्या नियमशास्त्रातल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि ते फार कडक आहे. संदेष्ट्याने चिन्ह सांगितले, ते खरेही ठरले, पण तो तुम्हाला अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. परमेश्वर तुमची परीक्षा पाहत आहे. चिन्ह खोटे होते, असे तिथे म्हटलेलेच नाही. खऱ्या चिन्हाच्या पाठीवर बसून खोटी शिकवण येऊ शकते, हे मोशेच्या नियमशास्त्राने गृहीत धरले आहे. येशूनेही मत्तय ७ मध्ये तेच सांगितले. ‘तुझ्या नावाने आम्ही भुते काढली, पराक्रमाची कृत्ये केली’ असे म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो, ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती.’ त्यांनी भुते काढलीच नव्हती, असे तो म्हणत नाही. मग एखाद्या सभेत कोणी कुबड्या टाकून चालू लागला, यावरून त्या सभेतल्या वक्त्याची त्रैक्याविषयीची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) किंवा तारणाविषयीची शिकवण खरी कशी ठरते? त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

भविष्य सांगणाऱ्यांसाठी तर नियम आणखी सोपा आहे. अनुवाद १८ प्रमाणे, परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर ते परमेश्वराने सांगितलेले नव्हते. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही कसोटी कशी लागते ते जवळून दिसते. सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षाचा पाचवा महिना. मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत, हनन्या संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि लुटून नेलेली मंदिराची पात्रे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया त्यावर ‘आमेन, परमेश्वर असेच करो’ म्हणतो. त्यालाही आपल्या लोकांचे भले हवेच होते. पण तो पुढे म्हणतो की शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा त्याचे भाकीत खरे ठरल्यावरच ओळखला जातो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घातलेले असते. तेव्हा हनन्या ते काढून सर्वांसमोर मोडतो. त्या क्षणी सभा कोणाची झाली असेल, हे सांगायला नको. यिर्मया निमूटपणे निघून जातो. नंतर देवाचे वचन घेऊन तो परत येतो: लाकडाचे मोडलेस, आता लोखंडाचे जू येईल. सातव्या महिन्यात हनन्या मरतो.

हनन्याचे वारसदार थांबलेले नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षे करून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला. अखेर त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. ती आली आणि गेली. हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ ठरवली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर २०११ ठरवली. त्याच्या काही अनुयायांनी नोकऱ्या सोडल्या, आयुष्यभराची पुंजी जाहिरात फलकांवर खर्च केली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने चूक जाहीरपणे कबूल केली. तो दिवस कोणालाही ठाऊक नाही, हे बायबलचे म्हणणेच बरोबर होते, असे सांगितले. तेवढा प्रामाणिकपणा त्याने दाखवला, हे नोंदवायलाच हवे. पण मत्तय २४:३६ हे वचन २०११ च्या आधीही छापलेले होते. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही ते उघडून समोर ठेवू शकत होता, आणि काहींनी ठेवलेही होते. ज्यांनी मानले नाही त्यांची घरे बसली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खोटा शिक्षक बायबल बाजूला ठेवतो, असे अनेकांना वाटते. तसे असते तर काम फार सोपे झाले असते. बायबलमधलाच सर्वांत प्रसिद्ध दाखला पाहा. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो: तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलून धरतील. शब्द बरोबर आहेत. पण स्तोत्रात ‘तुझ्या सर्व मार्गांत’ असेही आहे. ते त्याने गाळले. पुढच्याच ओळीत सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट येते, तिच्या आधी तो थांबला. येशूने त्याला उत्तर दिले ते अनुवाद या पुस्तकातल्या एका वेगळ्या वचनाने: असेही लिहिले आहे की आपला देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. स्तोत्र ९१ खोटे आहे, असे तो म्हणाला नाही. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाला धाब्यावर बसवून लावता येत नाही, एवढेच त्याने दाखवले. ‘लिहिले आहे’ याला ‘असेही लिहिले आहे’ हे उत्तर असते, ही गोष्ट प्रत्येक मंडळीत मुलांनासुद्धा शिकवली पाहिजे.

ही रीत वापरली की कितीतरी फुगवलेल्या शिकवणींतली हवा जाते. मलाखी ३:१० घ्या. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मग मी आकाशकपाटे उघडतो की नाही पाहा. हे वचन सांगून ‘इतके द्या, इतके पट मिळेल’ असा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. पण मलाखीचे पुस्तक चारच अध्यायांचे आहे, एका बैठकीत वाचून होते. पहिल्या अध्यायात वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे चढवणाऱ्या याजकांची झाडाझडती आहे. दुसरा अध्याय सुरू होतो तोच ‘याजकहो, आता तुम्हाला ही आज्ञा आहे’ असा, आणि त्यांच्या आशीर्वादांना शाप करीन अशी ताकीद पुढे येते. तिसऱ्या अध्यायात दशमांशाच्या पाच वचने आधी मजुराची मजुरी दाबणाऱ्यांना, विधवा आणि अनाथ यांना गांजणाऱ्यांना आणि परक्याचा हक्क बुडवणाऱ्यांना इशारा आहे. आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून ठेवायचा होता. हे सगळे सोडून ज्याला फक्त ३:१० दिसते, त्याने मलाखी वाचलेला नाही, किंवा वाचून लपवला आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रातले ‘तुझे कुशल असावे, तुला आरोग्य असावे’ हे वाक्यही असेच ओढून ताणले जाते. गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राच्या आरंभीची ती प्रेमाची सदिच्छा आहे. तिच्यावर प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या श्रीमंतीची हमी उभारणे हा पत्रावर अन्याय आहे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र चुकीच्या शिकवणीची किंमत जिवाने मोजावी लागते, म्हणून तिथे मी अधिक कठोर आहे. ‘त्याच्या जखमांनी आम्ही बरे झालो’ या वचनावरून काही जण शिकवतात की आजारी राहणे म्हणजे विश्वास कमी असणे, आणि औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास. १ पेत्र २:२४ मध्ये हेच वचन आपण पापाला मेलेले असून नीतिमत्त्वाला जिवंत व्हावे या संदर्भात आले आहे. आणि प्रेषितांचे जगणे काय सांगते? ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी इफिसातले रोगी बरे होत, त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. ‘विश्वास वाढव’ असे लिहिले नाही. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोचला होता, आणि तो वाचला म्हणून आपल्यावर दुःखावर दुःख आले नाही, असे पौल लिहितो. स्वतःच्या देहातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर स्वीकारले. देव बरे करतो, यावर माझा विश्वास आहे. पण एखाद्या आईला इन्सुलिन बंद करायला लावणारा आणि ती गेल्यावर तिच्या मुलांना ‘तिचा विश्वास कमी पडला’ असे सांगणारा शिक्षक कोणत्या पानावरून शिकवतो? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाबद्दल ‘पाप कोणी केले?’ असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला होता.

नव्या प्रकटीकरणाचा दावा हा वेगळाच प्रांत. चीनमध्ये हाँग श्यूच्वान हा सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेला तरुण १८३७ मध्ये आजारी पडला आणि त्याला दृष्टांत दिसले. काही वर्षांनी एक ख्रिस्ती पुस्तिका नीट वाचल्यावर त्याने त्यांचा अर्थ लावला: आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. एका मिशनऱ्याकडे तो काही काळ शिकलाही. पुढे त्याने स्वतःचे राज्य उभारले, बायबलच्या मजकुरात फेरफार केले, समासात आपल्या सोयीच्या टिपा लिहिल्या. त्याच्या १८५० ते १८६४ या काळातल्या ताइपिंग नावाच्या बंडात दोन कोटींहून अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. त्याच्याही कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, मार्सियन नावाच्या शिक्षकाने जुना करार टाकून दिला होता आणि लूकाचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे काटछाट करून तेवढीच ठेवली होती. दोघांनीही आधी सिद्धांत ठरवला आणि मग शास्त्र त्याच्या मापाचे कापले. आज बहुधा कोणी कात्री उघडपणे चालवत नाही. ‘प्रभू काल रात्री मला म्हणाला’ हे शब्द इतक्या वेळा उच्चारले जातात की छापील वचन आपोआप मागे पडते, आणि परिणाम तोच होतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बायबलचा अर्थ तर जो तो आपापला लावतो. मग कोणाच्या अर्थाने कोणाला तपासायचे? चौथ्या शतकातला आरियस हा पाळकही वचनांनीच बोलत होता. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान १४ मधले वचन आणि नीतिसूत्रे ८ मधले ज्ञानाचे बोल तो पुढे करत असे आणि पुत्र हा निर्माण केलेला आहे, असे शिकवत असे. ३२५ मध्ये निकाया इथे भरलेल्या मंडळ्यांच्या परिषदेने त्याची शिकवण नाकारली. तरीही त्या वादाची ठिणगी पुढे कित्येक दशके धुमसत राहिली, म्हणजे प्रश्न एका बैठकीत सुटला नव्हता. पण तो कसा सुटला, हे महत्त्वाचे आहे. आरियसचा विरोधक अथनासियस याच्यासारख्यांनी विचारले की ‘शब्द देव होता’, ‘जे काही झाले ते त्याच्याशिवाय झाले नाही’ या वचनांचे काय करायचे? जो अर्थ दोन्ही बाजूंची वचने पोटात घेतो तो टिकतो. ज्याला अर्धी वचने झाकावी लागतात तो टिकत नाही. आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट मंडळ्या अनेक बाबतींत भांडतात, तरी निकायाच्या त्या मूळ कबुलीवर एकत्र उभ्या आहेत. इतक्या पिढ्यांनी, इतक्या भाषांत वाचून जे मानले, ते एका माणसाला एका रात्रीत चूक दिसू लागले, तर पुरावा देण्याचे ओझे त्या माणसावर आहे.

शिवाय सगळेच मतभेद एका वजनाचे नसतात. रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून एकमेकांना दोषी ठरवू नका म्हणतो. तोच पौल १ करिंथ १५ मध्ये ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे मुख्य म्हणून सांगतो. बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून कोणाला खोटा शिक्षक ठरवणारा माणूस स्वतःच मोजमाप चुकवतो. आणि चूक खरोखर मोठी असली, तरी तिला द्यायच्या उत्तरालाही माप असते. इतिहासात हे माप सुटल्याची किंमत दिली गेली आहे. मायकेल सर्व्हेटस या धर्मविचारकाला त्रैक्य नाकारल्याबद्दल २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात जिवंत जाळले. त्याची शिकवण मी चूक मानतो, आणि त्याला जाळणे हे त्या चुकीपेक्षा शास्त्राला अधिक सोडून होते, असेही मानतो. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या, असे येशूने सांगितले होते. म्हणून तपासणाऱ्यानेही शिस्त पाळावी: अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिफितीवरून निकाल देऊ नये, त्याचे पूर्ण व्याख्यान ऐकावे, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत मांडावे, आणि आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय स्वीकारू नये. १ तीमथ्य ५:१९ हे वचन मंडळीच्या वडीलजनाला जसे लागू आहे, तसा ‘खोटी साक्ष देऊ नको’ हा नियम टीकाकाराला लागू आहे.

वागणुकीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ती सगळ्यांना दिसते. इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना पौल म्हणाला की मी कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, या हातांनीच माझ्या गरजा भागवल्या. पेत्र वडीलजनांना सांगतो की कळपावर धनीपण चालवू नका. हिशेब न दाखवणारा, विरोध करणाऱ्याच्या घरावर शाप उच्चारणारा आणि अनुयायांना त्यांच्या आईवडिलांपासून तोडणारा शिक्षक असेल, तर त्याचे सिद्धांत तपासायला घेण्याआधीच बरेच काही कळून चुकलेले असते.

राहता राहिला तो शिक्षक, जो चुकतो पण खोटा नसतो. अपुल्लोस असा होता. अलेक्झांद्रियाचा, वक्तृत्वसंपन्न, शास्त्रात पारंगत. पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. इफिसात त्याचे भाषण ऐकल्यावर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला आपल्याकडे बोलावून घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. सभेत त्याचा पाणउतारा केला नाही, आणि मोठा वक्ता म्हणून चूक पोटातही घातली नाही. त्याने ऐकले. म्हणून तो अखयाला निघाला तेव्हा बंधुजनांनी तिकडच्या शिष्यांना त्याचा स्वीकार करावा असे पत्र लिहून दिले, आणि तिथे त्याचा फार उपयोग झाला. आज जो कोणी स्वतःला शिक्षक म्हणवतो, त्याच्याकडे मंडळीतल्या दोघांनी बायबल घेऊन असेच जावे. त्याने ऐकले तर त्यालाही असे पत्र लिहून द्यावे. नाही ऐकले, तर पुन्हा एकदा जावे. आणि तरीही नाही ऐकले तर तीताच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या इशाऱ्यानंतर काय करायचे ते लिहिलेले आहे: त्याच्यापासून दूर व्हायचे.